डॉ. सुब्बाराव : पदवीचे मोल आणि माणसाचे मोल

बी.एस्सी.च्या वर्गात फॉस्फरसचे मापन शिकताना ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ हे नाव माझ्या कानी पडले. या जोडनावातील आपला माणूस कोण, या कुतूहलाने मी त्यांचे चरित्र वाचले. मन विषण्ण झाले आणि अभिमानाने भरूनही आले.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरी गरिबी, त्यात संग्रहणीने भाऊ दगावला. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घातला. इंग्रज प्राध्यापकांचा रोष ओढवला आणि एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही दुय्यम पदवी हाती पडली. गुणांची उपेक्षा अशी मायदेशातच सुरू झाली.

सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला पोहोचले. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती नव्हती. मद्रासच्या पदवीला तेथे कोण विचारतो? या डॉक्टरने इस्पितळात रात्रपाळीचा हमाल होऊन रुग्णांची मलमूत्राची भांडी धुतली आणि दिवसा अभ्यास केला.

१९२५ साली फिस्के यांच्यासह त्यांनी ती मापनपद्धती प्रसिद्ध केली. पेशींना शक्ती पुरविणारे ए.टी.पी. हे द्रव्य १९२९ मध्ये याच जोडीने जगापुढे मांडले. १९३० मध्ये पीएच.डी. मिळाली, कायमची प्राध्यापकी मात्र मिळाली नाही.

अखेर १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. तेथे संशोधनाची सूत्रे हाती येताच काय घडले पाहा! त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले. भावाचा बळी घेणाऱ्या संग्रहणीवर ते गुणकारी ठरले. हत्तीरोगावरील हेट्राझान, ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक, रक्ताच्या कर्करोगावरील ॲमिनोप्टेरिन ही औषधे तेथूनच आली. ॲमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट डॉक्टर आजही देतात. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी, ते परदेशातच वारले. मायदेशी राहिलेल्या पत्नीची भेट पुन्हा झालीच नाही.

माणूस तोच, विद्या तीच. बदलली ती फक्त खुर्ची. ही खुर्ची दहा वर्षे आधी मिळती, तर किती रुग्ण वाचले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो. उपेक्षेचा तोटा एकट्या उपेक्षिताला होत नाही, तो साऱ्या समाजाला होतो. आपल्यापैकी कित्येक जण उद्या परमुलखात नोकरी शोधतील, तर काही जण इथे नोकरी देणाऱ्याच्या जागी बसतील. परका उमेदवार समोर आला, की त्याच्या कागदावरील शिक्क्याआधी त्याच्या हातची विद्या पाहावी, एवढे तरी या चरित्रातून आपण शिकावे.