नाना फडणीस : बातमीचा धनी

जयनगरहून कृष्णराजेंद्र मार्केटाकडे जाताना टिपूच्या किल्ल्याचा उरलेला दरवाजा आपण कितीदा तरी पाहतो. हा किल्ला इंग्रजांनी २१ मार्च १७९१ रोजी घेतला. पुढे मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस उपाशी सैन्यानिशी श्रीरंगपट्टणापुढून अवजड तोफा फोडून माघारी वळला, तेव्हा हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा अगदी जवळ येऊन ठेपल्या होत्या. परंतु त्याला गंधवार्ता नव्हती. टिपूच्या स्वारांनी वाटेतले जासूदच अडविले होते.

या फौजा ज्यांनी धाडल्या, त्या पुण्याच्या कारभाऱ्यांनी बातमीचे मोल फार पूर्वी ओळखले होते. बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. १७६१ मध्ये पानिपतावरून ते कसेबसे निसटले. मातोश्री मात्र कायमच्या अंतरल्या. तलवारबहाद्दर ते कधीच नव्हते. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर, १७७३ पासून, राज्य सांभाळायचे ते लेखणीने आणि बातमीने. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे, दूर कलकत्त्यास लाला सेवकराम. वकील म्हणजे उजळ माथ्याचा हेरच! दरबारी भेटी, फौजेची हालचाल, बाजारातली कुजबुज, सारे जासुदांच्या थैल्यांतून पुण्यास पोहोचे.

पण घरातले काय? जुन्नरच्या कैदेतील बाजीरावाशी सवाई माधवरावांचा चोरून पत्रव्यवहार चालला होता. नानांनी तो पकडला, चिठ्ठ्या पोहोचविणाऱ्या बळवंतराव नागनाथास बेडी घातली. एकवीस वर्षांच्या त्या पेशव्याच्या मनाची घुसमट मात्र कोणा हेराने कळविली नाही. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, शनिवारवाड्यातील पडझडीनंतर दोन दिवसांनी, त्याचा अंत झाला. नानांच्या चरित्रातले हे पान वाचताना त्यांचा कैवार घेणे आम्हांस तरी जड जाते.

आणि साऱ्या हिंदुस्थानची खबर राखणारा हा मुत्सद्दी ३१ डिसेंबर १७९७ रोजी एका परक्या सरदाराच्या, मायकेल फिलोजच्या, शपथेवर विसंबून दौलतराव शिंद्यांच्या छावणीत गेला आणि कैद झाला. अहमदनगरच्या किल्ल्यातून सुटका झाली ती १७९८ मध्ये. १३ मार्च १८०० रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीस त्यांचा वाडा उभा आहे. त्यांच्या दप्तरातील असंख्य कागद पुढे तेथेच सापडले.