दुसऱ्यांचे वाचण्यात गेलेले आयुष्य

फ्रान्समधल्या एपिनाल गावी १८५८ साली एमिल दुर्खीम जन्मला. बाप, आजा, पणजा सगळे यहुदी धर्मगुरू. मुलगाही तेच करणार, असे घरात गृहीत होते. त्याने ती वाट सोडली आणि समाजशास्त्र नावाचे, अजून कुणी धडपणे न मानलेले शास्त्र धरले.

१८९७ साली त्याचे आत्महत्येवरचे पुस्तक आले. इतक्या एकट्या कृतीमागेही समाजाचा हात असतो, हे त्याने आकड्यांनिशी मांडले. त्यासाठी त्याचा भाचा मार्सेल मॉस याने सुमारे २६ हजार आत्महत्यांची प्रकरणे उपसली. व्हाउचर न बघता लेजरवर खूण करणारे मी बँकेत पुष्कळ पाहिले. म्हणून हा भाचा मला फार जवळचा वाटतो.

पण दुर्खीमचा जीव अडकला होता तो १८९८ मध्ये काढलेल्या 'लाने सोसिओलोजिक' या वार्षिकात. त्यात स्वतंत्र लेख मोजके, परीक्षणे ढीगभर. देशोदेशी छापलेले लेख-ग्रंथ शोधायचे, धर्म, कायदा, अर्थव्यवहार अशा कप्प्यांत लावायचे आणि प्रत्येकाला विचारायचे : पुरावा कुठला? तुलना कशाशी? आज शोधनिबंध छापण्याआधीच विषयाचे दोन-तीन जाणकार तो तपासतात, पुष्कळदा लेखकाचे नाव झाकून. ही मंडळी छापल्यानंतर उघडपणे तपासत. समाजशास्त्राचा निबंध हाती आला, की सारांश वाचून मी आधी पद्धतीचा भाग गाठतो. माहिती कुणाकडून घेतली, कधी, कितीजणांकडून? निष्कर्ष त्यानंतर. शेवटची संदर्भसूची म्हणजे पुढच्या निबंधांचे पत्तेच.

ही तपासणी दुर्खीमलाही चुकली नाही. एखादा मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदवायचा की नाही हे अधिकारी ठरवतो. त्या नोंदीवर विसंबायचे किती, असा सवाल १९६७ साली अमेरिकेतल्या जॅक डग्लसने केला. पुस्तक तरीही वाचले जाते, त्या सवालासकट.

१९१३ पर्यंत वार्षिकाचे बारा खंड निघाले. मग महायुद्ध आले. सहकारी रॉबेर हेर्त्झ एप्रिल १९१५ मध्ये पडला. दुर्खीमचा मुलगा आंद्रे, भाषाशास्त्राचा अभ्यासक, त्याच डिसेंबरात बाल्कन आघाडीवर गेला. बातमी पक्की व्हायलाच काही महिने लागले. बाप त्यातून उठला नाही. नोव्हेंबर १९१७ मध्ये, ५९ व्या वर्षी, तोही गेला.

१९२५ साली मॉसने वार्षिक पुन्हा सुरू केले. पहिली पाने त्याने गेलेल्या सोबत्यांना दिली : कुणाचे कुठले लेखन पुरे झाले, कुणाचे अर्धे राहिले.