सुट्टीतलं गाव आपलं झालं त्याची गोष्ट



इंग्लंडात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेक मराठी कुटुंबांची एक तरी सुट्टी लेक डिस्ट्रिक्टला झालेलीच असते. डब्यात ठेपले, गाडीत छत्र्या, आणि विंडरमिअरच्या काठावर पावसात काढलेले फोटो! आम्हीही त्याच वाटेचे प्रवासी. बोनेसजवळून गाडीसकट फेरीबोटीत बसायचं, तळं ओलांडायचं आणि दोन मैलांवरच्या 'निअर सॉरी' नावाच्या चिमुकल्या गावात उतरायचं. गावाचं नाव ऐकून मुलं हसली. पण तिथलं हिल टॉप हे जुनं शेतघर पाहून बाहेर पडताना आम्ही मोठी माणसंच जरा गप्प झालो होतो. त्या घराच्या मालकिणीची, बिॲट्रिक्स पॉटरची, ही गोष्ट.

आपली मुलं तिला 'पीटर रॅबिट'ची लेखिका म्हणून ओळखतात. तिचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातला. वडील रूपर्ट पॉटर बॅरिस्टर, पण घरातला पैसा मुख्यतः आजोबांच्या वेळचा, उत्तरेकडच्या कापूस-कापडाच्या धंद्यातला. (१८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबई बंदरातून गठ्ठेच्या गठ्ठे रवाना झाले, हे आपण शाळेत वाचलेलं आहे. तिचा जन्म त्याच दशकातला.)

घर श्रीमंत, पण मुलगी एकटी. शाळेत पाठवलंच नाही. शिकवायला घरी बाई येत. सोबतीला धाकटा भाऊ बर्ट्रम आणि दोघांनी पाळलेले ससे, उंदीर, बेडूक, साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग. वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून ती त्यांची चित्रं काढी. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिने स्वतः शोधलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहायला घेतली आणि पुढे बरीच वर्षं लिहिली. ती लिपी उलगडली थेट १९५८ साली, तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी!

या मुलीचा खरा जीव मात्र सुट्टीत होता. पॉटर कुटुंब दर उन्हाळ्यात नोकरचाकर आणि पाळीव प्राण्यांसकट मुक्काम हलवत असे. आधीची अकरा वर्षं स्कॉटलंडमधल्या डॅलगाइजला, आणि १८८२ साली पहिल्यांदा विंडरमिअरकाठच्या रे कॅसलमध्ये. बिॲट्रिक्स तेव्हा सोळा वर्षांची होती. दगडी भिंतींनी आखलेली कुरणं, पांढरी शेतघरं, डोंगरावर चरणाऱ्या मेंढ्या. हे सगळं तिच्या मनात जे बसलं ते कायमचं. तिथेच चर्चचे पाद्री हार्डविक रॉन्स्ली यांची आणि पॉटर कुटुंबाची ओळख झाली. ही तळी आणि ही गावं पैसेवाल्यांच्या बंगल्यांखाली नाहीशी होतील, अशी त्यांना काळजी होती. १८९५ साली नॅशनल ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांपैकी ते एक. पुढच्या सुट्ट्यांत कधी डरवेंटवॉटर, कधी सॉरी असे मुक्काम होत. नटकिन खारीच्या पुस्तकातलं बेट म्हणजे डरवेंटवॉटरमधलंच बेट.

तिशीपर्यंत तिचा ओढा खरं तर शास्त्राकडे होता. अळंब्यांची तिने शेकडो अचूक चित्रं काढली, त्यांचे बीजाणू स्वतः रुजवून पाहिले आणि त्यावर निबंध लिहिला. १८९७ साली तो लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण दुसऱ्याच्या हस्ते. बायकांना त्या सभेत प्रवेशच नव्हता! निबंध छापला गेला नाही. आपल्या पूर्वसूरींनी तिला बरं वागवलं नाही, हे त्या संस्थेने १९९७ साली मान्य केलं. शंभर वर्षांनी!

मग सशाचं नशीब उघडलं. शिकवायला येणाऱ्या बाईंचा छोटा मुलगा आजारी होता, म्हणून १८९३ साली तिने त्याला चित्रांसकट एक गोष्ट पत्रातून पाठवली होती. तिचंच पुढे पुस्तक केलं. प्रकाशक एकापाठोपाठ एक नाही म्हणाले. तिने १९०१च्या डिसेंबरात स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. १९०२ साली फ्रेडरिक वॉर्न कंपनीने पुस्तक काढलं आणि ते हातोहात खपलं. १९०३ साली तिने पीटरची बाहुली शिवून तिची सरकारदरबारी नोंदही केली. व्यवहाराला बाई पक्की होती.

वॉर्न घराण्यातल्या नॉर्मनशी कामाचा पत्रव्यवहार रोजचा झाला आणि १९०५च्या जुलैत त्याने मागणी घातली. तिने होकार दिला. आईवडिलांना मात्र धंदा करणारा जावई पसंत नव्हता, आणि हे त्यांचे स्वतःचे पैसे कापडाच्या धंद्यातून आलेले असताना! एकोणचाळीस वर्षांच्या मुलीने ऐकलं नाही, पण साखरपुडा जाहीर करू नये अशी अट मानली. महिनाभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेला. नातं जाहीरच नव्हतं, तेव्हा दुःख तरी चारचौघांत कसं करणार?

त्याच वर्षी शरदात तिने हिल टॉप विकत घेतलं. पैसे पुस्तकांचे आणि थोडे नात्यातून वारशाने आलेले. घर घेतलं तरी आईवडिलांची देखभाल तिच्यावरच होती, त्यामुळे तिथे राहायला मिळे ते सवडीने, थोडे थोडे दिवस. शेत सांभाळणाऱ्या कुटुंबाला तिने हलवलं नाही. त्यांच्यासाठी घर वाढवून घेतलं. जेमिमा बदक, टॉम मांजर, सॅम्युएल उंदीर या सगळ्यांच्या गोष्टी त्या अंगणातल्या, त्या जिन्यावरच्या.

जवळची आणखी जमीन घेताना हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस मदतीला होते. १९१३ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने त्यांच्याशी लग्न केलं. घरून पुन्हा विरोध झालाच. खेड्यातला वकील म्हणजे आपल्या तोलाचा नव्हे! या वेळी ती थांबली नाही. मिस पॉटरची मिसेस हीलिस झाली, सॉरीला कायमची राहायला आली आणि हळूहळू पुस्तकं मागे पडून मेंढ्या पुढे आल्या.

तिथल्या हर्डविक मेंढ्या मोठ्या गमतीच्या. कोकरू जन्मतः काळं, वय वाढेल तसं राखाडी. आपली डोंगरावरची चराई त्या ओळखतात आणि कोकरं ती आईमागे फिरून शिकतात, म्हणून कुंपणं लागत नाहीत. पण कळप एकदा मोडला तर हे ज्ञानही जातं. या जातीची लोकर जाडीभरडी, भाव कमी, त्यामुळे शेतकरी दुसऱ्या जातींकडे वळत होते. बाईंनी १९२०च्या दशकात ट्राउटबेक पार्क हे मोठं शेत घेऊन तिथे हर्डविक कळप उभा केला. चांगले मेंढपाळ नेमले, प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली. १९३०च्या सुमारास कॉनिस्टनजवळची सुमारे ४००० एकरांची इस्टेट तुकड्यांनी विकली जाण्याची भीती होती. तिने ती सबंध घेतली आणि अर्धी घेतल्या किमतीलाच नॅशनल ट्रस्टला दिली.

२२ डिसेंबर १९४३ रोजी ती गेली, सत्त्याहत्तराव्या वर्षी. मृत्युपत्राने ४००० एकरांहून अधिक जमीन, पंधराच्या आसपास शेतं आणि कित्येक घरं नॅशनल ट्रस्टकडे गेली, आणि डोंगरावरच्या शेतांत हर्डविकच राहाव्यात अशी तिची इच्छाही. तिची रक्षा तिच्या मेंढपाळाने सॉरीच्या परिसरात विखुरली. जागा त्याने गुप्त ठेवली. १९५१ साली तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला.

मंडळी, आम्हाला राहून राहून वाटतं ते एवढंच. आपली मुलंही आजोळी जातात ती सुट्टीपुरती. तीन आठवड्यांत काय कळणार त्यांना गाव, असं आपणच म्हणतो. बिॲट्रिक्सही त्या गावांत पाहुणीच होती, तिथे जन्मलेली नव्हती. चिखलात उतरून, माणसं आणि गुरं ओळखून, पदरचा पैसा घालून ती तिथली झाली. पुढच्या वेळी मुलांना गावी नेऊ तेव्हा त्यांना नुसतं पाहुण्यासारखं बसवून ठेवायला नको. विहीर दाखवू, बांध दाखवू, शेजाऱ्यांची नावं सांगू. कुठल्या सुट्टीतून काय उगवेल, कोण जाणे!

आणि या उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्टला गेलात, तर डोंगरावरच्या त्या राखाडी मेंढ्यांकडे मुलांना जरा थांबून बघू द्या. बाईंनी राखून ठेवल्या आहेत त्या.