सशांना अडवायला वाळवंटात १,८३३ किलोमीटरचं कुंपण आखलं, कोण होता आल्फ्रेड कॅनिंग?

कुंपण एकदा घातलं की काम संपलं, असं ज्याला वाटतं त्याने बहुधा कधी कुंपण घातलेलं नसतं. खांबाला वाळवी लागते, तार ढिली पडते, पावसात खालची माती वाहून जाते आणि एवढं सगळं सांभाळलं तरी कुणीतरी फाटक उघडं टाकून जातंच.

हे झालं दोन-चार एकर रानाचं. आता असं कुंपण डोळ्यासमोर आणा जे मुंबई ते दिल्ली या अंतराहूनही लांब आहे, बराचसा भाग कोरड्या ओसाड मुलखातून जातो आणि जे घातलंय ते सशांसाठी.

पश्चिम ऑस्ट्रेलियात असं कुंपण खरोखर झालं. ते कुठून जाणार याची रेघ ज्या माणसाने पायाखाली घालून आखली, त्याचं नाव आल्फ्रेड वर्नम कॅनिंग. ऑस्ट्रेलियात हे नाव आजही नकाशावर आहे. त्या नावावरून वाद आहेत, तेही आजच.

गोष्ट सुरू होते कॅनिंगच्या जन्माच्या जरा आधी. १८५९ च्या नाताळात इंग्लंडहून दोन डझन ससे जहाजाने मेलबर्नला आले. थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने ते शिकारीच्या हौसेखातर मागवले होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १८६० ला, त्याच व्हिक्टोरिया प्रांतातल्या कॅम्पबेलफील्डमध्ये कॅनिंग जन्मला. म्हणजे ससे आणि कॅनिंग जवळपास बरोबरच मोठे झाले म्हणायचे. फक्त सशांचा वेग जास्त होता.

कॅनिंगने १८८२ मध्ये शेजारच्या न्यू साउथ वेल्सच्या भूमी खात्यात शिकाऊ सर्व्हेअर म्हणून नोकरी धरली. १८८४ मध्ये एडिथ बुचरशी लग्न केलं आणि १८९३ मध्ये तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारी सेवेत गेला. तिकडे तेव्हा सोनं सापडत होतं, लोक लोंढ्याने येत होते आणि जमीन मोजायला माणसं कमी पडत होती.

ससेही तिकडेच निघाले होते. शेतातलं पीक, मेंढ्यांचं गवत, नव्या झाडांची साल, काहीच सोडत नव्हते. १८९० च्या दशकात ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर दिसायला लागले. बरीच चर्चा झाली, १९०१ मध्ये चौकशी आयोग बसला आणि ठरलं की राज्याच्या दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत आडवं कुंपण घालायचं. सगळे ससे पूर्वेला, सगळी शेती पश्चिमेला.

पण ही रेघ जाणार कुठून? ते ठरवायचं काम कॅनिंगकडे आलं.

दक्षिणेचं टोक होतं स्टार्व्हेशन बे, म्हणजे शब्दशः उपासमारीची खाडी. उत्तरेचं टोक केप केरॉड्रेन. मध्ये १,८३३ किलोमीटर. मोजणीत नुसती सरळ रेघ मारून भागत नाही. खांब कुठल्या जमिनीत धरेल, लाकूड कुठे मिळेल, मागून येणाऱ्या मजुरांना आणि जनावरांना पाणी कुठे सापडेल, हे सगळं आधी जाणाऱ्यालाच पाहावं लागतं. कॅनिंगला यात तीन वर्षं गेली. एकदा वाटेत उंट मेला तेव्हा लांबचा पल्ला त्याला पायी तोडावा लागला. या कामाने त्याचं नाव झालं. वाळवंटात जाऊन परत येणारा माणूस, असं.

प्रत्यक्ष बांधकाम दुसऱ्यांचं. सुरुवातीला ते कंत्राटदारांना दिलं होतं, पण काम रेंगाळलं. १९०४ पासून सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रिचर्ड अँकेटेल याने ते पुढे नेलं. माणसं, घोडे, गाढवं आणि सगळ्यात महत्त्वाचे उंट.

या उंटांचं आपल्याशी नातं आहे. ऑस्ट्रेलियात उंट नव्हतेच. १८६० च्या दशकात ते कराची बंदरातून जहाजाने नेले गेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. उंटांबरोबर बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तानातले उंटवालेही गेले. तिकडच्या लोकांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणून टाकलं. पुढे तिथेच उंटांची पैदास सुरू झाली. उंट नसते तर हे कुंपण उभंही राहिलं नसतं आणि टिकलंही नसतं, असं आजही म्हटलं जातं.

कुंपण दिसायला साधंच. दर १२ फुटांवर एक लाकडी खांब, त्यातून ओढलेल्या तारा आणि तारांना बांधलेली जाळी. ससा बीळ खणून पलीकडे जातो, म्हणून जाळीचा खालचा भाग जमिनीत पुरलेला. नंतर वर काटेरी तारही चढली, कारण डिंगो म्हणजे तिकडची रानकुत्री आणि कोल्हे यांनाही अडवायचं होतं. खांबांसाठी आधी साल्मन गम आणि गिमलेट ही जवळ मिळणारी झाडं तोडली. त्यांना वाळवी लागायला लागली, मग ती सोडून दुसरं लाकूड शोधावं लागलं. जिथे लाकूडच नव्हतं तिथे लोखंडी खांब.

१९०७ मध्ये काम संपलं तेव्हा एक नव्हे, तीन कुंपणं तयार होती. कारण १९०२ मध्येच, म्हणजे पहिलं कुंपण अर्धवट असतानाच, ससे त्याच्या पश्चिमेला सापडले होते. मग त्यांच्या पुढे दुसरं घातलं, मग तिसरं. तिन्ही मिळून लांबी ३,२५६ किलोमीटर आणि खर्च सव्वातीन लाख पौंडांहून जास्त.

आणि मग सुरू झाली डागडुजी. अलेक्झांडर क्रॉफर्ड हा मुख्य निरीक्षक, त्याच्या हाताखाली चार उपनिरीक्षक आणि २५ राखणदार. एकेका राखणदाराकडे सुमारे १६० किलोमीटरचा पट्टा. वाऱ्याने वाळू येऊन जाळीला टेकायची, तिचा उतार व्हायचा आणि ससे त्यावरून आरामात चढून पलीकडे. कोरड्या ओढ्याला अचानक पूर आला की खांबांसकट जाळी गायब. कांगारू आणि इमू येऊन धडकायचे ते वेगळंच. सुरुवातीला हे लोक सायकलवरून फिरले. उंटावर बसून पाहायचं तर उंचावरून खालची भोकं दिसत नाहीत. १९१० मध्ये मोटार आणली, तिची चाकं पंक्चर व्हायला लागली. शेवटी दोन उंट जोडलेली हलकी घोडागाडी, म्हणजे उंटगाडीच म्हणा, सगळ्यात सोयीची ठरली.

कॅनिंग तोवर दुसऱ्या कामावर गेला होता आणि त्याच्या नावाला डाग लागला तो याच कामात.

उत्तरेच्या किम्बर्ली भागातल्या गुरांना गोचीड झाली होती. रोग पसरेल म्हणून ती गुरं समुद्रमार्गे दक्षिणेला आणायला बंदी होती. दक्षिणेत सोन्याच्या खाणींवर मटणाची मागणी तर मोठी. कुणीतरी सुचवलं की गुरं वाळवंटातून चालवत आणली तर कोरड्या हवेत गोचीड मरून जाईल. त्यासाठी वाटेत विहिरी हव्यात. १९०६ मध्ये कॅनिंग आठ जणांची तुकडी आणि २३ उंट घेऊन विलुना गावातून पाणी शोधायला निघाला.

वाळवंटात पाणी कुठे आहे हे तिथल्या मूळनिवासींना माहीत होतं. मार्टू आणि इतर अनेक समाज हजारो वर्षं त्या झऱ्यांवर जगत होते. कॅनिंगने त्यांना विचारलं नाही. त्याच्या सामानात गळ्यात घालायच्या साखळ्या होत्या. माणसं पकडायची, बांधून ठेवायची आणि पाण्यापर्यंत वाट दाखवायला लावायची, अशी त्याची पद्धत. या प्रवासात त्याचा सहकारी मायकेल टोबिन भाल्याने मारला गेला.

परतल्यावर त्याच्याच तुकडीतला आचारी एडवर्ड ब्लेक याने तक्रार केली. १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला. कॅनिंगने साखळ्या नाकारल्या नाहीत, वाळवंटात जाणारे सगळेच असं करतात अशी त्याची बाजू होती. आयोगाने त्याला दोषमुक्त केलं. एका आचाऱ्याचं कोण ऐकणार होतं? त्याच वर्षी सरकारने कॅनिंगला विहिरी खणायला परत पाठवलं, या वेळी ७० उंट देऊन. १९१० पर्यंत काम पूर्ण झालं. मार्गाची लांबी सुमारे १,८५० किलोमीटर आणि नाव पडलं कॅनिंग स्टॉक रूट.

यातल्या बहुतेक विहिरी मूळनिवासींच्या जुन्याच पाणवठ्यांवर खणल्या होत्या. वर लाकडी बांधणी, झाकण आणि जड रहाट. ज्यांचं पाणी, त्यांनाच ते काढता येईना. १९११ मध्ये गुरं घेऊन निघालेल्या पहिल्या काही लोकांपैकी थॉमसन आणि शूस्मिथ हे दोघं आणि त्यांचा मूळनिवासी सहकारी वाटेत मारले गेले. विहिरींची मोडतोड झाली. पुढच्या वीस वर्षांत गुरांचे जेमतेम आठेक कळप त्या वाटेने गेले.

१९२९ मध्ये विल्यम स्नेल याला दुरुस्तीला पाठवलं. स्थानिकांना वापरता येत नाहीत म्हणूनच विहिरी मोडल्या गेल्या, हे त्याच्या लक्षात आलं. तो काम अर्धवट सोडून परतला. मग सरकारने पुन्हा कॅनिंगला बोलावलं. वय वर्षं ७०. तो गेला, उरलेल्या विहिरी नीट केल्या आणि १९३१ मध्ये परत आला.

त्याच १९३१ मध्ये त्याने तीस वर्षांपूर्वी आखलेल्या कुंपणाजवळ एक वेगळीच गोष्ट घडत होती. कुंपणाच्या देखभालीसाठी जिगलाँग नावाचा तळ वसवला होता. तिथल्या मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुलींना सरकारने आईपासून तोडून दक्षिणेला मूर रिव्हरच्या वसाहतीत नेलं. वडील गोरे आणि आई मूळनिवासी अशा मुलांना उचलून न्यायचं, हे तेव्हाचं सरकारी धोरणच होतं. मॉली १४ वर्षांची. तिचे वडील याच कुंपणाचे निरीक्षक होते, त्यामुळे कुंपण धरून उत्तरेला चालत राहिलं की घर येतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिघी पळाल्या. आई विलुनाला आहे असं कळल्यावर ग्रेसी तिकडे वळली आणि पकडली गेली. मॉली आणि डेझी जवळपास १,६०० किलोमीटर चालून जिगलाँगला पोहोचल्या. २००२ चा ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ हा सिनेमा याच मुलींवर आहे.

कॅनिंग २२ मे १९३६ ला पर्थमध्ये वारला. ससे तोवर सगळीकडे होते. त्यांची संख्या खऱ्या अर्थाने घटली ती १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू सोडल्यावर. कुंपणाचा काही भाग मात्र अजून उभा आहे, सरकार आजही त्याची डागडुजी करतं. आता त्याचं काम गव्हाच्या शेतांपासून इमू आणि मेंढ्यांपासून डिंगो लांब ठेवायचं.