लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. यंत्रनिर्मितीइतकेच माणसांची पारख करून त्यांना एकत्र कामाला लावण्याबद्दलही ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

गुर्लहोसूर हे गाव बेळगाव जिल्ह्यातले. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगडचा परिसरही तेव्हा याच जिल्ह्यात मोडत असे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. चित्रकलेच्या ओढीने लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु अंशतः रंगांधळेपणा असल्याचे आढळल्याने त्यांना रंगकाम सोडावे लागले. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान १८८८ मध्येच सुरू झाले होते. पुढे तेथेच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिले नांगर विकण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

किर्लोस्करवाडी

बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन देऊ केली. निवडुंग व नागांनी भरलेल्या या माळावर १९१० मध्ये कारखाना व वसाहत उभी राहू लागली.

येथे जमलेली माणसे स्वभावाने व पार्श्वभूमीने एकसारखी नव्हती. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी व व्यवस्था सांभाळली, शंभोअण्णा जांभेकर उमेदीच्या काळापासून सोबत होते, मंगेशराव रेगे हिशेब पाहत, तर फारसे औपचारिक शिक्षण नसलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आले. प्रमाणपत्रापेक्षा कामाची आवड व भरवशाचा स्वभाव मोलाचा मानण्याची ही पद्धत त्या काळी धाडसाचीच म्हणावी लागेल. तिची खरी कसोटी रखवालीच्या कामात लागली. ज्या माणसांना कायदा दरोडेखोर समजत होता, त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण सोपवली. विश्वास फसला असता, तर नवा कारखाना व कुटुंबे दोन्ही धोक्यात आली असती. प्रत्यक्षात ते खात्रीचे राखणदार ठरले. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी मनाई केली होती. एका पाणवठ्यावर व एका यंत्राशी वेगवेगळ्या जातींची माणसे उभी राहिल्याशिवाय कारखाना चालणे कठीणच होते.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरती केली होती.

उत्तरायुष्य

१९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली किर्लोस्करवाडीतून नियतकालिकही निघू लागले. कारभार पुढे पुत्र शंतनुराव यांच्याकडे गेला. लक्ष्मणरावांच्या निधनानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात व चंदगड तालुका मुंबई राज्यातील कोल्हापूर जिल्ह्यात गेला. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कुंडल रोड स्थानक आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.