पोलिश मुलांचे बापू

नवानगरचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचा जन्म १८९५ साली झाला. प्रसिद्ध क्रिकेटपटू रणजी हे त्यांचे काका. त्यांच्या पश्चात १९३३ साली ते गादीवर आले.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पोलंडमधील असंख्य कुटुंबे सैबेरियात हद्दपार केली. भूक, थंडी व आजाराने अनेकांचे आईवडील गेले, मुले पोरकी झाली. १९४२ साली जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकिनारी त्यांच्यासाठी छावणी उभारली.

नुसत्या अन्नवस्त्राने भेदरलेले मन सावरत नाही, हे त्यांनी ओळखले. मुलांना त्यांनी आपली लेकरे मानले. मुले त्यांना बापू म्हणत. तेथे शाळा, दवाखाना व स्काऊट पथक होते. मुले आपल्या भाषेत शिकत, नाटके व लोकनृत्ये करीत. बापू ती आवडीने पाहत. स्वतः हिंदू असूनही त्यांनी मुलांची कॅथोलिक श्रद्धा जपली. छावणीचे प्रमुख फादर प्लुटा हे पोलिश धर्मगुरूच होते.

१९४६ साली छावणी बंद झाली, तेव्हा मुलांना कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथे आणले. आज आपल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात असलेल्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले.

जामसाहेब १९६६ साली निधन पावले. वॉर्सा शहरात एक चौक त्यांच्या स्मरणार्थ आहे.

प्रिय भाविकांनो, आपल्या दाभोळातही पोटासाठी दूरवरून आलेली माणसे भेटतात. त्यांना घरची आठवण येत असेल. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाची तरी आपुलकीने विचारपूस करू या.