वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाई हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे जिवाणुशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन साथरोगांवर त्यांनी लसी तयार केल्या. प्लेगची लस त्यांनी मुंबईत विकसित केली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

प्रारंभिक जीवन

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा विद्यापीठात त्यांनी इल्या मेचनिकोव यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. युग्लिना, पॅरामेशियम यांसारखे एकपेशीय जीव हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय होता. या जीवांमध्ये पोषण, हालचाल, पुनरुत्पादन इत्यादी सर्व जीवनक्रिया एकाच पेशीत चालतात. पुढे त्यांनी ज्यांवर काम केले ते जिवाणूही एकपेशीयच. मात्र त्यांची पेशी पुष्कळ लहान असून तिच्यात सुस्पष्ट केंद्रक नसते.

धर्मांतरास नकार दिल्याने रशियात त्यांना प्राध्यापकपद मिळू शकले नाही. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी साहाय्यक ग्रंथपालाची नोकरी पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम केले.

पटकीवरील लस

पटकीचे जिवाणू गिनीपिगांच्या शरीरात एकापाठोपाठ एक वाढवून हाफकिन यांनी त्यांची तीव्रता वाढवली, तर उष्णता व हवेच्या साहाय्याने दुसरा, क्षीण प्रकार तयार केला. आधी क्षीण व नंतर तीव्र अशा दोन टोचण्यांची ही पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांसह देशाच्या निरनिराळ्या भागांत, १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना ही लस देण्यात आली.

मुंबईतील कार्य

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. परंतु रोगावर लस नव्हती. सरकारच्या पाचारणावरून हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, अत्यल्प जागेत व मोजक्या मदतनिसांसह, त्यांनी काम सुरू केले.

त्यांनी मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जिवाणू वाढवले व त्यावर तुपाचे थेंब सोडले. या तरंगत्या थेंबांना धरून जिवाणूंच्या वसाहती तंतूंसारख्या खाली लोंबत. भांडे हलवले की त्या तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी हे द्रावण तापवून जिवाणू मारले जात व त्यात थोडे कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. मृत जिवाणू रोग उत्पन्न करू शकत नाहीत, परंतु शरीर त्यांना ओळखून प्रतिकाराची तयारी करते, हे या लसीचे तत्त्व होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात रुग्ण व मृत्यू दोन्ही कमी आढळले. लसीमुळे ताप व वेदना होत आणि संरक्षण संपूर्ण नसे. तरीही मृत्यूचे प्रमाण घटवणारा दुसरा उपाय त्या वेळी उपलब्ध नव्हता.

घरांची झडती व सक्तीचे विलगीकरण यांमुळे लोकांत रोष होता आणि लसीविषयी संशय होता. आगाखान तिसरे यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली व प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. गव्हर्नरांचे निवासस्थान मलबार हिलला हलल्यानंतर परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस रिकामे झाले होते. १० ऑगस्ट १८९९ रोजी तेथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. हाफकिन तिचे प्रमुख होते.

मुळकोवाल दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुळकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना धनुर्वात झाला नाही. चौकशी आयोगाने बाटली परळमध्येच दूषित झाल्याचा निष्कर्ष काढला. लसनिर्मितीच्या पद्धतीत हाफकिन यांनी केलेला बदल, म्हणजे कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर भर देणे, यासाठी त्यांना दोषी धरण्यात आले व पदावरून दूर करण्यात आले.

धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरण्यात आला, असे साक्षींतून पुढे आले. शिवाय हे जिवाणू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर ती उघडताना दुर्गंधी आली असती. तशी कोणाचीही नोंद नव्हती. रोनाल्ड रॉस, डब्ल्यू. जे. सिम्पसन आदी शास्त्रज्ञांनी ही बाजू जाहीरपणे मांडली. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले.

उत्तरायुष्य व स्मृती

दोषमुक्तीनंतर हाफकिन भारतात परतले. मात्र त्यांची नेमणूक परळला न होता कलकत्त्याला झाली. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपात गेले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दिली. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले. ज्या संस्थेतून त्यांना दूर व्हावे लागले, तिलाच १९२५ मध्ये त्यांच्या हयातीत हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. १९७५ मध्ये लसनिर्मितीसाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्वतंत्रपणे स्थापन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.